फाईलीतलं सातवं पान

आमच्या ह्यांना ऑफिसात 'कपाट' म्हणायचे. तोंडावर नाही, पण मला ठाऊक होतं आणि पटायचंही. पाणीपुरवठ्याच्या रेकॉर्ड रूममध्ये छत्तीस वर्षं काढली या माणसाने. कागद आला की शिक्का मारायचा, पंचने दोन भोकं पाडायची, टॅग ओवायचा, वर पान नंबर टाकायचा. आत काय लिहिलंय ते बघायचं नाही. "वाचणारे साहेब वेगळे," हे वर अभिमानाने सांगायचे! कुणाचा नळ का तोडला ते विचारू नका, पण त्याचा कागद कुठल्या रॅकवर आहे, ते झोपेतून उठवलं तरी सांगतील.

निवृत्त झाले आणि ती सगळी हौस घरावर उतरली. गॅसची फाईल, मिक्सरची फाईल, माझ्या दातांची फाईल. पावतीला भोकं पाडताना चेहरा असा, की राज्यकारभार ह्यांच्यावाचून अडलाय. मिक्सर बंद पडला तेव्हा फाईल लगेच हजर. गॅरंटी दोन महिन्यांपूर्वीच संपलेली. मी कपाळावर हात मारला, तर म्हणतात कसे, "पण कागद मिळाला की नाही?"

सुनेला दिवस गेले आणि ह्यांना नवी फाईल मिळाली. मुलगा बोटीवर नोकरीला, सहा सहा महिने घरी नाही. सून चष्म्याच्या दुकानात लोकांचे नंबर तपासते, दिवसभर उभी. तिसऱ्या महिन्यात तिच्या उलट्या थांबेनात, म्हणून डॉक्टरांनी बाळाबरोबर तिच्या पोटाचीही सोनोग्राफी करायला सांगितली. दुसऱ्या दिवशी हे रिपोर्ट घेऊन आले, भोकं पाडली, सातवं पान म्हणून लावला. पुढच्या तपासणीला डॉक्टरांनी विचारलं, "रिपोर्ट कसा आला?" हे बिनदिक्कत म्हणाले, "एकदम व्यवस्थित." कागद फाटलेला नाही, चुरगळलेला नाही, म्हणजे ह्यांच्या लेखी व्यवस्थित. बाहेर बायकांची रांग लागलेली. डॉक्टर "छान" म्हणाल्या आणि पुढचीला हाक मारली.

चौथ्या महिन्यात सुनेच्या पोटात दुखायला लागलं. जेवली की उजव्या बरगडीखाली कळ यायची, ती पार खांद्यापर्यंत. मी म्हटलं, पित्त झालं असेल, गार दूध पी. दोन जिवांची म्हणून वर साय घालून देत होते.

पाचव्या महिन्यात एका दुपारी दुकानातल्या बाईने तिला गाडीत घालून थेट हॉस्पिटलात आणलं. आम्ही धावत पोचलो. तापाने फणफणलेली, पोट धरून वाकलेली, घोटभर पाणीही ठरत नव्हतं. सर्जन म्हणजे एक तरुण पोरगी. तिने बरगडीखाली हात दाबून "श्वास घ्या" म्हटलं आणि सुनेचा श्वास तिथेच अडकला. ती किंचाळलीच.

"पित्ताशयाला सूज आलीय. पोटाची सोनोग्राफी आधी कधी झालीय?"

हे खुलले! हॉस्पिटलात, सून तळमळतेय आणि हा माणूस खुललाय! फाईल पुढे केली. "पान सात."

तिने वाचलं. मग ह्यांच्याकडे बघितलं. "पित्ताशयात खडे आहेत असं इथे स्पष्ट लिहिलंय. दोन महिन्यांपूर्वी. कुणी वाचलं नाही?"

"वाचायचं काम डॉक्टरांचं," हे म्हणाले. "माझं काम जपायचं."

ती फाईल ह्यांच्याच टाळक्यात घालावी असं मला वाटलं.

सर्जनने सगळं नीट सांगितलं. आधी सलाईन, बाळाला चालतील अशी अँटिबायोटिक्स, तोंडाने काही नाही. मग दोन दिवसांत दुर्बिणीने ऑपरेशन करून पित्ताशयच काढायचं.

"अहो, पण ती गरोदर आहे!" मी म्हटलं.

"म्हणूनच आत्ता. पाचवा महिना त्यातल्या त्यात सोयीचा. थांबलो तर पुन्हा दुखणार, आत पू होऊ शकतो, वेळेआधी कळा सुरू होऊ शकतात."

सुनेने मात्र एकच विचारलं, "बाळाला धोका?"

"आहे. थांबण्यात जास्त आहे."

तिने फॉर्म ओढून घेतला आणि स्वतःच सही केली. हे म्हणाले, "याची एक प्रत मिळेल का?" त्यांच्याकडे कुणी बघितलंसुद्धा नाही.

ऑपरेशन सकाळी झालं. बाहेरच्या बाकावर मी ह्यांना जे काही बोलले, ते समोरच्या बाकावरच्या माणसांनीही माना खाली घालून ऐकलं. छत्तीस वर्षं नुसती भोकं पाडलीत, म्हटलं. तिला नाहीतर बाळाला काही झालं, तर तोही कागद लावा फाईलला. हे बोटाभोवती टॅग गुंडाळत बसले. खोटं कशाला सांगू, मला जरा बरं वाटलं.

सर्जन बाहेर आली. सगळं नीट पार पडलं होतं. बाळाचे ठोके आधी तपासले होते, आता पुन्हा तपासले, उत्तम होते. मी ढसाढसा रडले.

संध्याकाळी सून डाव्या कुशीवर पडली होती, चेहऱ्यावर थोडा रंग आलेला. हे कोपऱ्यातल्या खुर्चीत. मी पुन्हा सुरू केलं. "या माणसाने एकदा, फक्त एकदा तो कागद..."

"आई, बाबांना नका बोलू."

"का नको बोलू?"

"सोनोग्राफीला आत माझ्याबरोबर तुम्ही होतात." आवाज अगदी बारीक होता तिचा. "त्या बाई सांगत होत्या, इथे पित्ताशयात काहीतरी दिसतंय. तुम्ही त्यांना मध्येच थांबवलंत. म्हणालात, बाळ ठीक आहे ना? मग बाकीचं राहू दे." मग म्हणाली, "मलाही तेव्हा तेच बरं वाटलं. मीही पुढे विचारलं नाही."

आठवलं मला. ती बाई पडद्यावर बोट ठेवून वळली होती आणि मी टाळ्या पिटत बाळाचं नाक कुणावर गेलंय ते विचारत होते.

ह्यांनी सगळं ऐकलं होतं. दुसरा कुणी असता तर सकाळचं सगळं व्याजासकट परत केलं असतं. ह्यांनी चष्मा लावला, सातवं पान उघडलं आणि ओळीखाली बोट सरकवत हळूहळू वाचायला लागले.

त्यांनी निदान तो कागद ठेवला होता. मी तर त्या बाईला वाक्यही पुरं करू दिलं नव्हतं.