एकट्याला दोन चहा

ऑफिसातले किस्से कुणी मुद्दाम साठवत नाही. ड्रॉवरमधल्या टाचण्यांसारखं आहे ते. एक शोधायला हात घालावा, तर दहा टोचतात. बिलं तपासणाऱ्या गंगाधर सारांच्या निरोप समारंभात तेच झालं. प्रत्येकानं "एकच सांगतो" म्हणून सुरुवात केली आणि सगळ्यांचे चहा गार झाले.

आमचं ऑफिस तेलंगणात, आदिलाबादला, जनावरांच्या डॉक्टरांचं. आमचे लोक लशी टोचायला गावोगाव फिरतात. दौऱ्यावरून आलं की बसची तिकिटं, दौऱ्याची डायरी आणि प्रवासभत्त्याचं टीए बिल सारांच्या टेबलावर ठेवायचं. त्यांना पटलं तर मंजूर. नाही पटलं तर बिलाला एक छोटी चिठ्ठी टाचून परत. तिला आमच्याकडे अजून निजामाच्या काळातलंच नाव आहे, ऐतराज, म्हणजे हरकत. "खुलासा करावा" हे तिचं शेवटचं वाक्य ठरलेलं.

गंमत म्हणजे जिल्ह्यातल्या गावागावातलं अंतर तोंडपाठ असलेला हा माणूस स्वतः एकदाही दौऱ्यावर गेला नव्हता. दुपारी एक वाजता घरी जेवायला, पाच वाजता पुन्हा घरी. दौऱ्याची ऑर्डर निघाली की साहेबांना भेटून रद्द करून घ्यायचे. मी त्यांच्या शेजारच्या टेबलावर ज्युनिअर होते. मला वाटायचं, आळशी आहेत.

* * *

आमचे कंपाउंडर किशनराव. एकदा त्यांच्या बिलातले दोन किलोमीटर सारांनी कापले.

"सार, तोच रस्ता हाये न. मागच्या साली पूर्ण भेटले होते," किशनराव म्हणाले.

"आता नाल्यावर पूल झाला. रस्ता सरळ झाला."

"तुमी कवा पाह्यला तो पूल?"

"मी काऊन पाहू? चार जणांच्या बिलात दोन-दोन किलोमीटर कमी झाले. म्हणजे पूल झाला."

किशनरावांनी गुपचूप सही केली.

* * *

याच किशनरावांचं दुसरं एक बिल आलं. मुधोळचा दौरा, संध्याकाळच्या बसने परत. सारांनी चिठ्ठी टाचली: "सदर बस त्या दिवशी भैंशाजवळ बंद पडली. डॉक्टर साहेबांच्या डायरीप्रमाणे सर्व प्रवाशांनी ढकलली. आपण ढकलल्याचे लिहिलेले नाही. खुलासा करावा."

किशनराव टेबलापाशी आले. मग हळूच बोलले, "सार, त्या दिवशी घरी पाव्हणे होते. पोरीले पाहाले."

सारांनी बिल त्यांच्याच हातानं फाडायला लावलं, रजेचा अर्ज लिहून घेतला आणि सही करता करता विचारलं, "जमलं का?"

"जमून राह्यलं."

"मग बसनं आल्याची थाप काऊन मारता? पेढे घेऊन या." पेढे आले. अर्धे सारांनी कागदात बांधून घरी नेले.

* * *

पण त्यांचे सगळेच ऐतराज असे सरळ नसायचे. "नाल्याला पाणी होते असे लिहिले आहे. घोट्याएवढे की गुडघ्याएवढे?" "बाजाराचा दिवस होता. वांग्याचा भाव काय होता?" "झाडाखाली थांबलो म्हणजे कोणत्या झाडाखाली?" वांग्याच्या भावाचा टीए बिलाशी काय संबंध, हे विचारायची कुणाची हिंमत नव्हती. बिल त्यांच्या हातात होतं ना!

मग हैदराबादहून एक तरुण डॉक्टर आले. ते डायरीत इंग्रजीत दोनच वाक्यं लिहायचे. गावाला भेट दिली. परत आलो. सारांनी त्यांचं बिल तीनदा परत पाठवलं. तिसऱ्यांदा डॉक्टर स्वतःच टेबलापाशी आले.

"सार, आपको बिल पास करना है या कहानी सुनना है?"

सारांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, "दोनों."

डॉक्टर इतके तापले, की रागाच्या भरात पुढच्या दौऱ्याची दोन पानं भरून डायरी लिहिली. त्यात हेही लिहिलं, की जातानाचं तिकीट जोडता येत नाही, कारण लस टोचताना ते शेळीनं खाल्लं. आम्हाला वाटलं, आता काही खरं नाही. तिकिटाशिवाय सार बिल हातातसुद्धा घेत नसत.

दुसऱ्या दिवशी चिठ्ठी आली: "शेळीचा रंग?"

डॉक्टरांनी खाली लिहिलं: "काळी. एक कान पांढरा."

बिल त्याच दिवशी मंजूर झालं.

* * *

एकदा सार तापानं दोन दिवस आले नाहीत. कपाटाची किल्ली त्यांच्याकडे राहिली होती, म्हणून मी घरी गेले. दार उघडंच होतं. खिडकीपाशी खाटेवर एक बाई उशांना टेकून बसल्या होत्या. उजवा हात मांडीवर पडलेला, पाय चादरीखाली. मला पाहून त्या हसल्या.

"तुमी वंदना न? या. बेल्लमपल्लीले गेल्या तवा तुमची चप्पल तुटली होती. शिवली का नवीच घेतली?"

मी चाटच पडले. चप्पल तुटल्याचं मी माझ्या नवऱ्यालासुद्धा सांगितलं नव्हतं. फक्त दौऱ्याच्या डायरीत लिहिलं होतं, तेही सारांनी ऐतराज घेतला म्हणून: "स्टेशनपासून ऑफिसपर्यंत पोहोचण्यास एक तास का लागला?"

"शिवली," मी म्हणाले.

"बरं केलं. अन् त्या डॉक्टरच्या शेळीले पिल्लं झाली का हो?"

सारांच्या बायकोच्या, सुमनकाकूंच्या अंगावरून वारं गेलं, त्याला तेव्हा काही वर्षं झाली होती. दवाखान्याशिवाय त्यांनी उंबरठा ओलांडला नव्हता. रोज संध्याकाळी सार खाटेजवळ बसून आमचे दौरे त्यांना सांगायचे. काकू प्रश्न विचारायच्या. सारांना उत्तर आलं नाही, तर दुसऱ्या दिवशी आमच्या बिलाला चिठ्ठी!

सार आतल्या खोलीत पांघरूण घेऊन सगळं ऐकत होते. किल्ली देताना त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. "ऑफिसात बोलू नका," एवढंच म्हणाले.

मी आळशी म्हणत होते त्यांना. घरी येताना रस्ताभर माझं मलाच वाईट वाटत राहिलं.

* * *

ऑफिसात मी अर्थातच बोलले. पोटात गोष्ट राहील ती मी कसली!

त्यानंतर आमच्या डायऱ्या फुगल्या. कुणी कुठल्या गावात कोणती भाजी खाल्ली, बसमध्ये कुणाचं भांडण झालं, सगळं येऊ लागलं. सारांना संशय आला असणार, पण डायऱ्या ते रोज पिशवीत घालून घरी नेत राहिले. किशनराव तर वाहवत गेले. एका डायरीत त्यांनी पोळ्याच्या सुमारास मोह फुलल्याचं लिहून टाकलं, वर त्याच्या वासानं कसं गुंगायला झालं तेही.

चिठ्ठी आली: "मोह उन्हाळ्याच्या तोंडी फुलतो. लिहिताना खिडकीबाहेर पाहावे."

"हा ऐतराज तुमचा नाई, सार," किशनराव म्हणाले.

"नाई," सार म्हणाले. "पण खुलासा माझ्याकडेच द्या."

* * *

आता पोचन्ना. आमचा अटेंडर, लशीचा डबा घेऊन सगळ्यात लांब जाणारा. त्याला मराठी लिहिता येत नाही, म्हणून तो सांगायचा आणि मी लिहायची. एकदा तो बेज्जूरला एकटाच गेला होता. त्यानं सांगितलं, मी लिहिलं: "स्टँडजवळ लच्चव्वाच्या हॉटेलात दोन चहा प्यायलो. पैसे एकाचे दिले."

ऐतराज ठरलेलाच: "एकाच्या पैशात दोन चहा कसे?"

"ती तशीच देते," पोचन्ना म्हणाला. "कोणी एकटा आला का दोन कप ठेवते समोर. पैसे एकाचे घेते."

"काऊन?" सारांनी विचारलं.

"इचारलं नाई."

"इचाराले काय झालं?"

"दोन भेटून राह्यले, सार. इचारलं अन् एक कमी केला तर?"

सार हसले. पण घरी हे उत्तर चाललं नाही. काकूंनी तो प्रश्नच धरून ठेवला. पुढे किशनराव बेज्जूरला जाऊन आले. त्यांनाही दोन चहा मिळाले, त्यांनीही विचारलं नाही. कारण काय, तर "बाईमाणसाले असं कसं इचारावं?"

तेवढ्यात जिल्ह्याचे चार तुकडे झाले. बेज्जूर दुसऱ्या जिल्ह्यात गेलं, तिकडचे दौरे बंद झाले, तिकडची बिलंही. ती एक चिठ्ठी मात्र सारांच्या टेबलाच्या काचेखाली राहिली: "एकट्याला दोन चहा का? खुलासा करावा." डॉक्टर म्हणाले, तिकडच्या डॉक्टरला फोन करून विचारतो. सारांनी घरी विचारलं. दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाले, "नको. ती म्हणते, फोनवर इचाराची गोष्ट नाई. मीच जाऊन इचारीन."

 ज्या बाईला खाटेवरून दारापर्यंत जायला सारांचा हात लागायचा, ती बेज्जूरला जायचं म्हणत होती.

* * *

मग टीए बिलं कॉम्प्युटरवर आली. डायरी गेली. प्रवासाचं कारण एका यादीतून निवडायचं, बटण दाबायचं, झालं. पहिल्या महिन्यात सारांनी एकही ऐतराज काढला नाही. काढणार कशावर? पाच वाजता घरी जाताना त्यांची पिशवी अगदी हलकी दिसायची.

एके दिवशी त्या पिशवीत डब्याशेजारी डॉक्टरांनी एक घडी केलेला कागद सरकवला. जुन्या छापील डायरीच्या मागच्या कोऱ्या बाजूवर त्यांनी आपला दौरा लिहिला होता. हळूहळू सगळेच सरकवू लागलो. सारांनी कधी विचारलं नाही, हे कागद कुठून येतात म्हणून. फक्त अधूनमधून कुणाच्या तरी कीबोर्डखाली चिठ्ठी सापडायची.

* * *

सार रिटायर झाले आणि त्यांची खुर्ची मला मिळाली. काचेखालची ती चिठ्ठी त्यांनी जाताना नेली होती.

नियमात एक चांगलं कलम आहे. माणूस रिटायर झाला, की त्याला मूळ गावी जाण्याचा खर्च सरकार देतं, आणि त्यात बायकोचं भाडंही धरतं. सारांनी इतकी वर्षं हे कलम दुसऱ्यांना वाचून दाखवलं होतं. त्यांचं स्वतःचं आयुष्यातलं पहिलं आणि शेवटचं टीए बिल त्यांनी पोस्टानं पाठवलं, ते माझ्या टेबलावर आलं. आदिलाबाद ते मुधोळ, स्वतः आणि पत्नी. जवळच्या रस्त्याचं अंतर, एक पैसा जास्त नाही. सोबत कुणी न मागितलेली नऊ पानांची डायरी.

मुधोळ आमच्या पश्चिमेला. डायरीतली गाडी निघाली होती पूर्वेला.

"मागची सीट काढून गादी घातली," सारांनी लिहिलं होतं. "जवळच्या रस्त्याचे भाडे मागितले आहे. उरलेला रस्ता आमचा खाजगी आहे." तीन दिवसांचा प्रवास होता. नाल्यावरचा पूल: "आहे. दोन किलोमीटर बरोबर कापले होते." बेल्लमपल्लीचं स्टेशन: "वंदनाबाईंची चप्पल इथे तुटली. हिने गाडी थांबवायला लावली." वाचताना मला हसू आवरेना, आणि मधेच अक्षरं दिसेनाशी झाली. पोचन्ना पाणी घेऊन आला. मी त्याला तिथंच थांबवून पुढचं पान मोठ्यानं वाचलं.

"बेज्जूर. लच्चव्वाचे हॉटेल आहे. हिला गाडीतून उचलून बाकावर बसवले. आम्ही दोघे. बाईंनी आमच्यापुढे एकच कप ठेवला, बशीसकट. पैसे घेतले नाहीत."

पुढच्या पानावर एकदम मुधोळ.

"अन् दोन काऊन देते ते?" पोचन्नानं विचारलं. किशनराव उठून आले. डॉक्टरही केबिनमधून आले. नऊही पानं पुन्हा उलटून पाहिली. कुठंच नव्हतं.

मी बिल मंजुरीला टाकलं नाही. ड्रॉवरमधून टाचणी काढली आणि नोकरीतला पहिला ऐतराज लिहिला, गंगाधर सारांच्या बिलावर: "एकट्याला दोन चहा का? दोघांत एक का? खुलासा करावा, त्याशिवाय बिल मंजूर होणार नाही."

आठवड्यानं चिठ्ठी परत आली. अक्षर सारांचं नव्हतं. मोठं, डावीकडे कललेलं, डाव्या हातानं सावकाश काढलेलं.

"मी इचारलं. तिनं सांगितलं. गाडीवाल्यानं दोनदा हॉर्न वाजवला, तरी आमी उठलो नाई. कागदावर लिवन्यासारखं नाई ते. मुधोळले या, सगळे या, मग सांगीन. येण्याचं बिल भेटणार नाई."