नवरा की तोतया?

आमच्या रक्ततपासणीच्या लॅबमध्ये रक्त घेणाऱ्या बाईंना सगळे सुईताई म्हणतात. वय चोपन्न, हात असा हलका की सुई कधी गेली न् कधी निघाली, पेशंटला कळत नाही. मी काउंटरवर रिपोर्ट टाइप करते. आमच्या मधे नुसता एक पडदा, त्यामुळे त्यांचा शब्द न् शब्द मला ऐकू येतो. पन्नाशीपुढचं कुणी खुर्चीत बसलं की दंडाला पट्टा बांधता बांधता त्या विचारायच्या, "गुरुवारची ती टायपिंगवालीची मालिका बघायचात का हो?"

सुईताईंच्या तरुणपणी त्या मालिकेनं लोकांना वेड लावलं होतं. बोटीवर नोकरी करणारा नवरा बेपत्ता होतो. बायको टायपिंगचा क्लास काढून संसार ओढते. सात वर्षांनी एक माणूस दारात येऊन म्हणतो, मीच तुझा नवरा. चेहरा तोच, पण आवाज वेगळा, सवयी वेगळ्या. खरा की तोतया? गुरुवारी संध्याकाळी रस्त्यावर चिटपाखरू नसायचं. सुईताई तेव्हा कॉलेजात होत्या. नायिकेसारखी कपाळावर एक बट सोडायच्या, मासिकांतले तिचे फोटो कापून वहीत चिकटवायच्या. तिच्यापायी टायपिंगच्या क्लासलाही गेल्या आणि नापास झाल्या. बावन्न भागांपैकी एक्कावन्न त्यांनी पाहिले, त्यातला एक अंगात ताप असताना.

बावन्नावा भाग सुरू व्हायला पाच मिनिटं होती आणि आत्या न् आतोबा दारात हजर. वडिलांनी लगेच उठून टीव्ही बंद केला.

"अहो बाबा, शेवटचा भाग आहे!"

"जावईमाणूस घरी आलाय आणि टीव्ही? शोभतं का? जा, पाणी आण."

पुढचा पाऊण तास आतोबा स्वतःच्या मूतखड्याबद्दल बोलत होते. शेजारच्या घरातून मालिकेचं संगीत भिंतीतून झिरपत होतं, शब्द कळत नव्हते. सुईताईंनी दोनदा चहा केला.

दुसऱ्या दिवशी मैत्रिणी शेवट सांगायला धावल्या, तर या बाईंनी कानात बोटं घातली. "सांगू नका! परत दाखवणार आहेत, तेव्हा बघेन." ती मालिका परत कधीच दाखवली नाही. पुढे नोकरी, लग्न, मुलगी. विचारायची आठवण झाली तोवर मैत्रिणी चहूकडे पांगल्या होत्या आणि ज्या सापडल्या त्या विसरल्या होत्या.

म्हणून पेशंट. निवृत्त शिक्षिका म्हणाल्या, "तोतयाच, शंका नको." बँकेतले साहेब म्हणाले, "खरा होता, दोघं बोटीतून निघून जातात." एक बाई म्हणाल्या, "तो मेला ना?" मुलीनं इंटरनेट पालथं घातलं, तर बारा भाग सापडले, तेही सुरुवातीचे.

गेल्या वर्षी खुद्द आतोबाच साखर तपासायला आले. ऐंशीच्या पुढचे, हातात काठी. सुईताईंनी त्यांनाही सोडलं नाही.

"बघायचो म्हणजे काय!" आतोबा म्हणाले. "त्या दिवशी तुमच्याकडे आलो तो त्यासाठीच. घरी पोचेपर्यंत सुरू झाली असती, म्हटलं इथेच बघू. तर तुझ्या बापानं टीव्हीच बंद केला."

"मग बोलला का नाहीत?"

"जावईमाणूस मी. तोंडानं कसं मागणार?"

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्या दिवशी सुईताईंना एकाच हाताला दोनदा सुई टोचावी लागली.

यंदा एक गृहस्थ आले. गप्पांत कळलं की ती मालिका दाखवणाऱ्या केंद्रातच ते नोकरीला होते. मग सुईताईंचा आवाज, "शेवटचा भाग कुठे मिळेल?"

"मिळायचा नाही. नव्या टेपा यायच्या नाहीत, मग जुन्या पुसून वापरायचो. त्यावर हवामानाच्या बातम्या गेल्या."

"पण तुम्ही पाहिलाय?"

"तीनदा! पण आमच्या खोलीत आवाज बंद असायचा. ती दारात उभी राहते, काहीतरी लांबलचक बोलते आणि दार लावून घेते."

"तो आत असतो की बाहेर?"

गृहस्थांनी बराच विचार केला. "तिच्याच चेहऱ्यावर होता हो कॅमेरा. काय सुंदर दिसायची!"

कापसाचा बोळा डब्यात आपटल्याचा आवाज मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकला.

त्या संध्याकाळी मुलगी म्हणाली, "आई, तूच एक शेवट ठरवून टाक ना."

"ठरवायचाच असता तर पस्तीस वर्षांत शंभर ठरवले असते," सुईताई तिच्यावर खेकसल्या. "मला बघायचा होता." हे त्यांनीच मला सांगितलं, डबा खाताना, आणि पोळीचा तुकडा तोडून तसाच ठेवून दिला.

आता सुईताई पेशंटला फक्त विचारतात, उपाशीपोटी आलात ना? घरी नवऱ्याबरोबर मोबाइलवर एक नवी मालिका बघायला घेतलीय, सगळे भाग एकदम मिळणारी. पहिल्याच दिवशी त्यांनी आधी शेवटचा भाग लावला.

"अगं, मजाच घालवलीस सगळी!" नवरा वैतागला.

"तुमची गेली असेल," सुईताई म्हणाल्या आणि मग पहिला भाग सुरू केला.