लिफ्ट अडकत नाही तेव्हा

आमची सून लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या एका कंपनीत संगणकाचं काम बघते. त्यातलं मला फारसं कळत नाही, त्यामुळे सांगण्यात काही चुकलं तर ते माझं समजावं.

तिचा आवडता शब्द ‘बघू’. मुलगा चिडवतो, “लग्नाचं विचारलं तेव्हाही ही ‘बघू’च म्हणाली होती.” ती म्हणते, “नीट बघितलं असतं तर इथे असते का?” आणि गार झालेला चहा एका घोटात संपवते.

लिफ्टमध्ये कोणी अडकलं की मोबाइलवरचं लाल बटण दाबायचं, अशी त्यांची सोय आहे. निरोप सर्व्हरकडे जातो आणि सर्व्हर जवळच्या मिस्त्रींचा फोन वाजवतो. हा सर्व्हर म्हणजे ऑफिसच्या अडगळीच्या खोलीतलं एक जुनं यंत्र. ते सारखं तापायचं. म्हणून मालकीणबाईंनी सांगितलं, आता क्लाउडवर जायचं, म्हणजे लांब कुठेतरी असलेला दुसऱ्यांचा संगणक भाड्याने घ्यायचा. कुठला, ते सुनेनं ठरवायचं. “पण एकही हाक वाया गेली,” त्या म्हणाल्या, “तर अडकलेला माणूस आत बसेल आणि बिल्डिंगवाले आपल्याला बाहेर काढतील.”

तिच्यापुढे दोन पर्याय उरले होते. एका ठिकाणी अख्खं यंत्र भाड्याने मिळत होतं, पण त्याची देखभाल हिनेच करायची. दुसऱ्या ठिकाणी सगळी उस्तवार तेच करणार आणि वापर होईल तेवढंच भाडं घेणार. काम नसेल तेव्हा तिथला सर्व्हर झोपतो आणि हाक आली की उठतो. सुनेनं तो हर तऱ्हेने तपासला. एकदम शेकडो खोट्या हाका पाठवल्या, तरी गडी डगमगला नाही. शेवटी ती चक्क ‘ठरलं’ म्हणाली. मालकीणबाईंनी बिल्डिंगवाल्यांना बदलाची तारीख कळवूनही टाकली.

जुनं यंत्र बंद करण्याआधी तिला एक शेवटची चाचणी हवी होती, संगणकातलं न कळणाऱ्या माणसाकडून. असा माणूस घरातच होता.

“बाबा, दिवसभर दर तासाला हे बटण दाबायचं. निरोप नव्या सर्व्हरकडे जाईल आणि आमच्या कंपनीतले थोरले मिस्त्री तुम्हाला फोन करतील. बाकी काही नाही.”

सकाळी तिचं तपासणं आटोपताच दाबलं. फोन लगेच आला. पुढच्या वेळी दाबलं तेव्हा मिस्त्री कुठल्याशा गच्चीवर होते आणि धापा टाकत बोलले. मग मला संकोच वाटायला लागला. माणूस शिडीवर असेल, जेवत असेल, कशाला उगाच? फोन उपडा ठेवला तो ठेवलाच. सून घरी यायची वेळ झाली तेव्हा घाईघाईने पुन्हा दाबलं. गोल चक्र फिरत राहिलं, आणि मग अक्षरं आली : निरोप पोहोचला नाही.

ती चपला काढत होती तेवढ्यात मी सांगून टाकलं, “अगं, माझ्या हातून काहीतरी बिघडलं बहुतेक.”

तिने मोबाइल पाहिला. “मधे दाबलंच नाहीत?”

“मिस्त्रींना त्रास नको म्हणून...”

ती तिथेच जमिनीवर बसली. एका पायात चप्पल तशीच होती.

“बाबा, खऱ्या लिफ्टा तरी तासातासाला कुठे अडकतात? दिवस दिवस काही होत नाही आणि मग एकदम कोणीतरी अडकतं. मी तपासून तपासून त्याला गाढ झोपूच दिलं नाही.” तिने दुसरी चप्पल काढली. “उठल्यावर आपला सगळा पसारा उघडायला त्याला वेळ लागतो. तोवर मोबाइल कंटाळून नाद सोडतो.”

तो कायम जागा ठेवायचा तर जास्तीचं भाडं पडत होतं. तेवढ्या पैशांत पहिल्या ठिकाणचं अख्खं यंत्र येत होतं. हिशेब सोपा होता. अवघड होतं ते मालकीणबाईंना सांगणं. ती सकाळची वाटही न बघता तिथूनच फोन लावून बसली. पलीकडचा आवाज मलाही ऐकू येत होता.

“अहो, मग इतके दिवस काय तपासलंत तुम्ही?”

“चुकीच्या गोष्टी तपासल्या, मॅडम. तो धावतो कसा ते बघितलं. झोपेतून उठतो कसा ते नाही.”

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज. मग, “बिल्डिंगवाल्यांना तारीख पुढे गेल्याचं तुम्हीच सांगायचं.”

“सांगते.”

आणि तिने एकेकाला सांगितलं, चूक माझी, असं म्हणून. आता ते अख्खं यंत्र भाड्याने घेतलंय. त्याची देखभाल हिच्याच गळ्यात आहे आणि चहा आणखी गार होतो. मालकीणबाई मात्र आता स्वतःच तिला विचारतात, “बघितलंत ना?”

माझं काम सुटलेलं नाही. मनात येईल तेव्हा, कोणाला न सांगता बटण दाबायचं, असा सुनेचा हुकूम आहे. काल बऱ्याच दिवसांनी दाबलं. बोट उचलतो न उचलतो तोच फोन वाजला.

“कोण अडकलंय?” मिस्त्रींचा आवाज भरल्या तोंडाचा होता.

“कोणी नाही. मीच.”

“काका, घास तरी गिळू द्या की!”

मी माफी मागितली आणि सुनेला सांगायला आत गेलो.