मिलचं चुंबक आणि मामाजींचा चमचा

आमच्या घरी चमच्याचे उपयोग दोनच. डब्याचं घट्ट झाकण उघडणे आणि खोकल्याचं औषध मोजणे. जेवायला देवानं हात दिलेत, चांगले पाच-पाच बोटांसकट, असं आम्हा साऱ्यांचं मत. लाखांदूरच्या अलीकडे, धानाच्या बांध्यांमध्ये आमचं गाव. इथे ताटात भाताचा ढीग असतो, अन् तो ढीग चमच्यानं उपसायला बसलं तर सकाळच्या जेवणाला संध्याकाळचा चहा येऊन मिळतो!

पण मागच्या पावसाळ्यात, धानाचा रोवणा आटोपल्यावर माझ्या सासऱ्यांना, म्हणजे मामाजींना, लकवा मारला. बाकी सगळं सावरलं. चालतात, बोलतात, माझ्या भाजीला नावं ठेवतात (हे तर दवाखान्यातच सुरू झालं होतं). उजवा हात तेवढा बसला तो बसलाच. डाव्या हातानं जेवायला तयार नाहीत, कारण डावा हात अन्नाला लावायचा नसतो. मी भरवायला गेले की ओठ असे मिटायचे की सुई जाणार नाही.

"मामाजी, आ करा."

"मी का लेकरू आहो?"

"दोनच घास."

"ठेव ते ताट. भूक नाही मले."

भूक नाही! जो माणूस दुसऱ्यांदा भात वाढायला उशीर झाला तर ताटावर पेला वाजवायचा, त्याला म्हणे भूक नाही! गळ्याची हाडं दिसायला लागली होती त्यांच्या. मला फार वाईट वाटायचं. अन् मला वाईट वाटलं की राग येतो. स्वभाव आहे, काय करता!

शेवटी मी म्हटलं, "डाव्या हातात चमचा धरा. अन्नाले चमचा लागते, हात कुठं लागते?"

हे त्यांना पटलं. पूर्ण एक मिनिट पटलं. मग म्हणाले, "चमच्यानं बिमार माणूस खाते, सूनबाई. मी नाही खात."

"मंग उद्यापासून आपण सारेच बिमार!" मी ताट आपटलं. "या घरात जो जेवंल तो चमच्यानं जेवंल!"

आमचे हे धानाच्या मिलमध्ये कामाला. नुकतेच आले होते, केसांत धानाचा कोंडा तसाच. घाबरून म्हणाले, "अवं, मी दिवसभर पोते उचलतो. मले चमच्यानं भात पुरंल का?"

"नाही पुरला तं पळी घ्या!"

दुसऱ्या दिवशी घरातले सगळे चमचे गोळा केले. एकाला एक जोड नाही. तीन चमच्यांवर तर तीन वेगळ्या घराण्यांची नावं कोरलेली, अन् त्यात आमचं आडनाव कुठेच नाही (लग्नकार्यात भांडी इकडची तिकडे होतात, आम्ही काही चोर नाही!). जेवायला बसलो. पहिल्याच घासाला यांच्या चमच्यानं भातात मान टाकली. माझी मुलगी पायल, कॉलेजात आहे, तिच्या चमच्यातून वरण दांडीवरून ओघळून थेट बाहीत शिरलं. अन् मामाजींच्या चमच्याची कड त्यांचा ओठ कापून गेली. रक्ताचा थेंब आला हो!

"हा चमचा आहे का विळा?" मामाजींनी तो अंगणात भिरकावला आणि ताटावरून उठले. त्यानंतर तीन दिवस चहात बुडवलेले टोस्ट. बस. चौथ्या दिवशी मी ठरवलं, साकोलीला जायचं आणि असे चमचे आणायचे की या माणसाला नाही म्हणायला तोंडच उरू नये. किंवा उरावं, पण ते जेवायला उरावं!

चांगलं स्टील ओळखायचं कसं, हे आमच्या गावात लहान पोरालाही विचारा. चुंबक लावायचं. चिकटलं तर नकली, नाही चिकटलं तर असली. आमच्यात हे संसारातलं पहिलं ज्ञान. मी यांना म्हटलं, "येताना एक चुंबक आणजा."

यांनी आणलं. मिलमध्ये धानातले खिळे, नट, तारेचे तुकडे ओढून घ्यायला जे चुंबक लावतात, ते! विटेएवढं! कपड्यात गुंडाळलेलं, दोन्ही हातांनी धरून.

"हे काय उचलून आणलं?"

"मिलमधी नवीन बसवलं, हे जुनं पडून होतं. मालकाले विचारून आणलं. जुनं म्हणजे कमजोर असंल ना आता."

संसाराला वीस वर्षं झाली. या माणसाच्या 'असंल ना'वर विश्वास ठेवायचा नाही, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी ते चुंबक कापडी थैलीत घालून मी आणि पायल साकोलीच्या बसमध्ये बसलो. थैली पायाशी ठेवली. रस्ताभर काही त्रास नाही, अगदी शहाण्यासारखी बसली होती. साकोली आलं, सगळे उतरले, मी थैली उचलली. थैली उचलेना. सीटच्या लोखंडी पायाला ती अशी चिकटली होती की जणू बसच्या कारखान्यातूनच तशी आली असावी.

"ताई, उतरा ना. साकोली आली," कंडक्टर म्हणाला.

"मी उतरून राहिली. थैली नाही उतरत."

त्यानं ओढली. ड्रायव्हर आला, त्यानं ओढली. बाहेर गाडीत चढायला थांबलेले दोघं आत आले, त्यांनीही हातभार लावला. पायल आधीच खाली उतरून, ही बाई आपल्या ओळखीची नाही अशा चेहऱ्यानं बसची पाटी वाचत उभी होती. शेवटी तिरपं पिळल्यावर थैली सुटली आणि ड्रायव्हर कंडक्टरच्या मांडीवर बसला.

"आहे काय याच्यात?"

"चुंबक. चमचे घ्याले आली मी."

"चमचे घ्याले हे?" कंडक्टर कपाळाचा घाम पुसत म्हणाला. "मंग भाजी घ्याले नांगर नेता का ताई?"

मी थैली छातीशी धरून खाली उतरले. लोकांना चांगल्या वस्तूची पारख नसते, त्याला मी काय करणार?

भांड्याच्या दुकानात गेले. दुकानदारानं मखमली पेटी उघडली. त्यात चमचे, काटे, सुऱ्या, सगळे आपापल्या खाचेत झोपलेले.

"काटे कायले? आमी तलावाची मच्छी खातो, काटे फुकट येतेत," मी म्हटलं. "रोजच्या जेवणाचे चमचे दाखवा. घरचे. रोज घासले तरी टिकतील असे."

त्यानं ट्रेभर चमचे काउंटरवर ओतले. नक्षीचे, बिननक्षीचे, लांब दांडीचे, आखूड दांडीचे. हा घ्या ताई, तो घ्या ताई, सगळे एक नंबर! मी म्हटलं, थांबा. बोलणं कमी, परीक्षा जास्त. आणि थैली काउंटरवर ठेवली.

ठेवली म्हणजे ठेवायला गेले. ती टेकायच्या आधीच ट्रेमधले चमचे खळ्ळकन उडून थैलीला लागले! मखमली पेटीतल्या सुऱ्या जाग्या झाल्या. मागच्या खिळ्याला टांगलेली किसणी आली. मी दचकून मागे सरले, तर मागे लोखंडी रॅक. थैलीनं मला न विचारता तिकडे उडी मारली, आणि मध्ये माझा उजवा हात!

"आई गं!"

"मम्मी, लोक पाहून राहिले," पायल म्हणाली. (हात सापडला माझा, अन् हिला लोकांची पडली!)

दुकानदार, त्याचा भाऊ आणि शेजारचा चप्पलवाला, तिघांनी मिळून मला रॅकपासून वेगळं केलं. तोवर वरच्या फळीवरचे पेले एकेक करून रस्त्यावर निघाले होते. माझ्या तीन बोटांचा रंग वांग्यासारखा झाला. पण डोळ्यांत पाणी असतानाही मी काउंटरकडे पाहिलं. सगळे चमचे उडाले होते, फक्त सहा तिथेच पडून होते. जागचे हलले नव्हते. मला जी कळ येत होती ती क्षणभर थांबली.

"नाही चिकटले ते द्या!" मी डाव्या हातानं बोट दाखवलं. "तेच असली!"

दुकानदारानं माझ्याकडे पाहिलं, मग चमच्यांकडे पाहिलं.

"ताई, ते अल्युमिनमचे आहेत."

चप्पलवाला हसला. मी त्याच्याकडे असं पाहिलं की तो आपल्या चपलांकडे परत गेला.

माणूस भला होता तो दुकानदार. मला स्टुलावर बसवलं, पाणी दिलं, बोटांना ओला फडका गुंडाळला. मग म्हणाला, "एवढ्या चुंबकाले तं रक्तातलं लोहबी चिकटंल, ताई! सुरी तं चिकटणारच, धारेसाठी तिचं स्टील वेगळं रायते. चांगल्या चमच्यातलेबी काही चिकटतेत. चुंबकावर एकट्यावर नाही जात. हे पाहा, मानेवर अंगठ्यानं दाबा. वाकला तं फेका. कडेवरून बोट फिरवा. टोचली तं फेका. कोणाले पाह्यजे चमचा?"

मी मामाजींचं सांगितलं. ओठ कापल्याचंही सांगितलं. दुकानदार उठला. आत गेला आणि एक साधा, जाड दांडीचा, जरा वजनदार चमचा घेऊन आला. नक्षी नाही की चकाकी नाही. मी उजवा हात पुढे केला, तो उघडेना. म्हणून डाव्यात घेतला.

मग बाकीचेही एकेक करून डाव्यात धरून पाहिले, आणि तिथे कळलं! हलका चमचा डाव्या हातात गिरक्या घेतो, बारीक दांडी बोटांतून निसटते, खोलगट चमच्यातला भात तोंडात जाताना निम्मा चमच्यातच राहणार. हा मात्र मुठीत बसला तो बसला. माझा उजवा हात धड असता तर मी जन्मात हे तपासलं नसतं. म्हणजे बोटं चेंगरून घेतली ती मी मुद्दामच, असं मी आजही सगळ्यांना ठणकावून सांगते. तसले सहा घेतले. (चुंबक तिथेच सोडून आले. चप्पलवाल्यानं खिळ्यांसाठी मागून घेतलं.)

दिवेलागणीला ताटं मांडली. चौघांना चार नवे चमचे. मामाजींनी चमचा उलटासुलटा पाहिला, कडेवरून अंगठा फिरवला, आमच्याकडे पाहिलं. आम्ही सगळ्यांनी चमचे उचलले. मग त्यांनीही उचलला. भात आणि वरण, पहिला घास थोडा सांडला. दुसरा सांडला नाही. तिसऱ्याला म्हणाले, "वरणात मीठ कमी आहे."

हे ऐकून मला इतका आनंद झाला की सांगता येत नाही.

अडचण एकच झाली. माझा उजवा हात फडक्यात, अन् डावा हात आयुष्यात कधी जेवला नव्हता. पहिला चमचा हनुवटीला लागला. दुसरा नाकाकडे गेला. तिसऱ्यातलं वरण पदरावर. हे हसायला लागले. पायलनं मोबाइल काढला.

"ठेव तो मोबाइल!" मी ओरडले. "मले भूकच नाही तशी!"

मामाजींनी आपला चमचा खाली ठेवला. नव्यांतला एक कोरा चमचा डाव्या हातानं उचलला, माझ्या ताटातला भात भरला, आणि न थरथरता माझ्या तोंडासमोर धरला.

"सूनबाई, आ कर."

"मी का लेकरू आहो, मामाजी?"

"नाही. बिमार आहेस," ते म्हणाले. "आ कर."

साकोलीत बस अडवली, दुकान पाडलं, चप्पलवाल्याला गप्प केलं. पण इथे काही माझी मात्रा चालली नाही. मी आ केला. आणि खोटं कशाला सांगू, दुसऱ्या घासाला मला 'आ कर' म्हणावं लागलं नाही!