परड्यातला मूग

मी करकंब सोडलं त्या दिवशी अण्णांनी दुकान बंद ठेवलं होतं. अण्णा म्हणजे माझे वडील. बाजारपेठेत त्यांचं कृषी सेवा केंद्र होतं, पण गाव त्याला औषधाचं दुकानच म्हणायचं. द्राक्षावर, उसावर, बोरीवर मारायची औषधं तिथे मिळत. भर हंगामात शटर खाली दिसल्यावर लोक घराकडे यायला लागले आणि अण्णा प्रत्येकाला सांगत राहिले, "आज न्हाय. पोरगी चाललीय." कुर्डुवाडीच्या फलाटावर आईने मला घट्ट धरलं होतं. अण्णा जरा लांब उभे राहिले. गाडी हलली तसे दोन पावलं पुढे आले आणि एवढंच म्हणाले, "खात जा वेळेवर."

लग्न होऊन मी निखिलबरोबर नेदरलँड्सला चालले होते. तुमच्यातले जे बाहेर पडलेत त्यांना माहीत आहे, पहिलं वर्ष कशात जातं. बसची कार्डं, तिथली भाषा, दुपारीच मावळणारा सूर्य. रडायला सवड मिळते ती नंतर. मला ती मिळाली इरा झाल्यावर. बाळंतपणाला आई आली आणि व्हिसा संपला तशी परत गेली. ती गेल्यावर घर इतकं शांत झालं की मी नळ सोडून ठेवायची.

इराला वरचं अन्न सुरू करायची वेळ आली. तिथल्या बाळांच्या दवाखान्यातली नर्स म्हणाली, भाज्या स्वच्छ धुवा, मऊ शिजवा, वेगवेगळ्या द्या. सेंद्रियच हवं असं काही नाही, तुमची मर्जी. निखिलला मात्र सेंद्रियच हवं होतं. मला खरं काय ते कळत नव्हतं, आजही नीट कळत नाही. पण परक्या गावात, जवळ विचारायला कोणी नसताना, हिरव्या पानाचं चिन्ह असलेली काचेची बरणी उचलली की जरा धीर यायचा. काहीतरी बरोबर करतोय असं वाटायचं.

एकदा व्हिडिओ कॉलवर मी इराला भरवत होते. शेजारी आईबरोबर अण्णाही बसले होते.

"त्या बरणीवर हिरवं काय हाय गं?" त्यांनी विचारलं.

"सेंद्रिय आहे, अण्णा. औषध न मारता पिकवलेलं."

ते जरा हसले. "आमच्या बाटलीवर हिरवं म्हंजे कमी इखाचं." औषधांच्या बाटल्यांवरचे रंग त्यांनीच मला लहानपणी शिकवले होते. तांबडा सगळ्यात जहाल, हिरवा सगळ्यात सौम्य. मीही हसले. मग त्यांचं हसू गेलं.

"मग तुला आमी काय घातलं गं?"

"अण्णा, असं काय बोलताय? धडधाकट आहे की मी."

"व्हय. हायस की," म्हणाले आणि उठून गेले. आई कॅमेऱ्यात बघत राहिली.

पुढचं आईने फोनवर सांगितलं ते असं. पेरणीचे दिवस होते. घरामागच्या परड्यात आजवर नुसतं भंगार पडलेलं असायचं. अण्णांनी ते उपसलं, शेणखत टाकलं आणि मूग पेरला. औषधाचा थेंब मारायचा नाही असं ठरवलं. मूग हाताएवढा झाला आणि त्यावर माव्याची कीड पडली. मग शेंगांत अळी शिरली. ज्यांच्याकडे आख्खं गाव अळीवर औषध मागायला यायचं, ते अण्णा सकाळी दुकानाला जायच्या आधी वाकून एक-एक अळी हाताने वेचायचे. लोक चेष्टा करायचे. "अण्णा, आमाला इकताय आन सोता मारत न्हाय व्हय?" अण्णा म्हणायचे, "नातीसाटी हाय ते." चेष्टा करणारा गप्प व्हायचा, पण औषध घेऊनच जायचा. दुकान तर चालूच होतं. त्यावरच घर उभं होतं, माझं शिक्षणही त्यावरच झालं होतं.

दिवाळीला आम्ही गेलो तेव्हा अळीतून वाचलेला मूग डब्यात भरून ठेवला होता. फार नव्हता. आईने त्याची डाळ भाजून तांदळाबरोबर खिमट शिजवलं, वर तुपाचा थेंब घातला. अण्णा दुकानातून आले, थेट मोरीत गेले, साबण लावून अंघोळ केली, इस्त्रीचा सदरा घातला आणि इरासमोर बसले. बसले, पण तिला घेईनात. आई म्हणाली, "घ्या की आता." त्यांनी हात नाकाशी नेऊन हुंगले. "वास जात न्हाय अजून," म्हणाले. शेवटी मीच इराला उचलून त्यांच्या मांडीवर ठेवलं. तिने पहिला घास थुंकला तो त्यांच्या सदऱ्यावर, दुसरा मिटक्या मारत खाल्ला. अण्णांनी डोळे पुसले आणि सदऱ्यावरचा डाग तसाच ठेवून गावात फिरून आले.

पुढच्या वर्षीही त्यांनी मूग पेरला. तो काढला आणि त्यांचं अंग उतरायला लागलं. सोलापूरच्या दवाखान्यात तपासण्या झाल्या आणि रक्ताचा आजार निघाला. मी इराला घेऊन आले. डॉक्टरांनी विचारलं, काय करता? अण्णांनी दुकानाचं सांगितलं. मग अण्णांनीच विचारलं, "त्याच्यामुळं का?" डॉक्टर म्हणाले, तसं नक्की सांगता येत नाही. बाहेर बाकावर बसल्यावर अण्णा मला म्हणाले, "सांगता येत न्हाय म्हंजे न्हायच, असं न्हवं." त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. थोड्या वेळाने म्हणाले, "किती जणांला दिलं गं मी." मी त्यांचा हात धरला.

त्यांचं खाणं तुटत गेलं. इराला घेऊन आई गावी होती, लहान मुलांना वॉर्डात येऊ देत नव्हते. आई घरून डबा पाठवायची. शेवटच्या आठवड्यात घट्ट काही गिळवेना, म्हणून तिने खिमट पाठवलं. मी चमच्याने भरवायला बसले. तोंड पुसायचं, मान सावरायची, घास गिळेपर्यंत थांबायचं. सगळं इराचंच होतं. पहिला घास त्यांनी तोंडात बराच वेळ घोळवला.

"कुटल्या मुगाचं हाय?"

"आपल्या परड्यातल्या."

"लई ग्वाड हाय," म्हणाले. मी दुसरा चमचा पुढे केला तर त्यांनी तोंड फिरवलं. "ऱ्हाऊ दे. संपंल. पोरीला ठेव."

मी म्हटलं, अण्णा, भरपूर आहे. ते खरं नव्हतं आणि त्यांना ते माहीत होतं. त्यांनी परत तोंड उघडलं नाही. दोन दिवसांनी ते गेले.

दुकान आता एका शिंप्याला दिलंय. उरलेला माल कंपनीने परत नेला. आईला मी किती वेळा म्हटलं, चल माझ्याकडे. ती म्हणते, "हितं दिवा कोण लावंल?" इरा आता शाळेत जाते, मैत्रिणींच्या डब्यातलं तळलेलं, गोड, सगळं खाते. मी फार अडवत नाही.

मध्यंतरी शेजारच्या काकूंचा फोन आला. म्हणाल्या, तुझी आई एकटीसाठी चूल पेटवत नाही गं, चहा आणि शिळी भाकरी, झालं जेवण. इराच्या घासाघासाची काळजी करताना तिच्या ताटात काय पडतं हे मी कधी विचारलंच नव्हतं. मी विचारलं असतं तरी तिने "खाल्लं की" एवढंच सांगितलं असतं.

म्हणून आता तिकडच्या रात्रीच्या जेवणाच्या वेळेला मी फोन लावते. इकडे कचेरीतली दुपार असते. मी जिन्यात जाऊन बसते. तिला ताट समोर घ्यायला लावते, दाखव म्हणते. ती चिडते, "ल्हान हाय व्हय मी?" आणि मग आमटीत भाकरी कुस्करून जेवते. तिच्या मागे अण्णांचा रिकामा पाट दिसतो, खिडकी दिसते. घर म्हणून माझ्याकडे आता तेवढंच उरलंय. ती ताट धुवायला उठेपर्यंत मी फोन ठेवत नाही.