आत्याचे भरलेले गाल

"बिमार हायेस का वं?" असं कुणी विचारलं की आमची आत्या भडकायची. खामगावात तिचं मॅचिंग सेंटर होतं. साडी नुसती बघून नेमका ब्लाउजपीस काढायची. पण पन्नाशीनंतर तिचे गाल बसले आणि गिऱ्हाइकं कापड सोडून तिचं तोंड बघू लागली. "दोन्ही टाइम पोटभर खाते मी! बोर्ड लावू काय दुकानावर?" ती करवादायची. मला ती फार आवडायची.

माझं लग्न ठरलं तशी ती मला घेऊन अकोल्याला त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली. बाईंनी समजावलं, वयानं गालातली चरबी ओसरते, तिथं सुईनं जेल भरायचं, त्याला फिलर म्हणतात. ते हळूहळू विरतं, मग पुन्हा भरावं लागतं. नकोच वाटलं तर दुसऱ्या इंजेक्शननं विरघळवता येतं. "मात्र काही दिवस गाल दाबायचे नाहीत, चोळायचे नाहीत." आत्या आरशात बघून "हो, हो" करत होती. परतताना एसटीत तिनं मला शपथ घातली, "तुह्या मायले सांगशील तं माहं मेलेलं तोंड पाहशील." झालं, अडकले मी!

दिवस निवडताना मात्र आत्या चुकली. लग्नाला चारच दिवस उरले असताना तिनं गाल भरून घेतले. तिच्या डोळ्यांपुढं लग्न होतं, हळद नव्हती. आमच्या घरात नवरीला पहिली हळद आत्या लावते आणि मग बायका त्याच हळदीनं आत्याचे गाल चोळचोळून रंगवतात. तो तिचा मान! हळदीचं ताट समोर आलं तेव्हा तिच्या ध्यानात आलं. मला कशीबशी हळद लावून ती तडक आतल्या खोलीत गेली आणि कडी घातली.

दाराबाहेर आई, दोन्ही हात हळदीनं भरलेले. "बाई, काऊन दार लावलं? माह्या पोरीची हळद नको हाये काय तुमाले?" बायका कुजबुजल्या, "सोयरीक पसंत नसंन." नवरीनं पाटावरून उठायचं नाही, आणि शपथेमुळं तोंड उघडायचं नाही. नुसती कोंडी! शेवटी आई कडाडली, "आज नाई निंगाल्या, तं या घरात पुन्हा पाय ठेवू नका."

थोड्या वेळानं कडी निघाली. आत्या आईसमोर येऊन उभी राहिली आणि तिनं डोळे मिटले. आईनं सगळा राग त्या गालांवर काढला. मी ढसाढसा रडत होते. बायका म्हणाल्या, नवरी भारी हळवी आहे.

लग्नात आत्याचा एक गाल टम्म, दुसरा वाकडा. "दाढ दुखून राह्यली," असं ती येईल त्याला सांगत होती. नंतर तिनं सगळंच विरघळवून घेतलं आणि पुन्हा कधी त्या वाटेला गेली नाही.

मागच्या वर्षी आत्या गेली. त्याआधी एकदा मी विचारलं होतं, "आईच्या धमकीला घाबरलीस?"

"तुह्या मायले भेते काय मी?" ती फिस्कारली. मग म्हणाली, "खिडकीतून तुहा बाप दिसला वं. मंडपामागं एकटाच, लेकरावानी रडून राह्यला होता. गालाचं काय घेऊन बसली? भाऊ एकच हाये मले."