रविवारची रिकामी जीप

"हिमालयावरून बदकं आले म्हन्ते तलावावर!" दारव्ह्याला जाणाऱ्या जीपचे ड्रायव्हर काका शेजारच्याला सांगत होते.

मी रोज त्यांच्याच जीपने जाते. एक सीट रिकामी असली तरी ते गाडी हलवत नाहीत. "सरका, पावना आला," म्हणत सगळ्यांना दाबून बसवतात.

ते पक्षी होळीपूर्वी परत जातात. त्यांना पाहायचा बेत मी दर हिवाळ्यात करत होते, पण एकटीनं कसं जायचं?

काकांनी आरशात माझ्याकडे पाहिलं. "मॅडम, रविवारी मी अन् माही बायको पाहाले चाललो. गाडी रिकामीच नेतो. गर्दी पाह्यली का पाखरं उडते."

लहानपणी इंग्रजी शाळेत वऱ्हाडी बोललं की सगळे हसायचे, म्हणून मी जीपमध्येही गप्पच असते. त्या दिवशी मात्र म्हणाले, "काका, मी बी येऊन राह्यली."